चढावरचा श्वास

"गाडीच्या पोटातलं काही काढायचं तर आधी तिला विचारा," सासूबाई पिंफाला म्हणाल्या होत्या. "फुलं ठेवा, लाल सरबत ठेवा, आणि बदल्यात काय देताय ते नाव घेऊन सांगा. गाडीची देवी मॅ-यानांग गाडीतच बसलेली असते. तिला गृहीत धरू नका."

पिंफा नान शहराच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली. ती हसून म्हणाली, "आई, नवाकोरा पंप देतोय की तिला. खोक्यातला. अजून काय हवं बाईला?"

सासूबाई कोबीची वाळकी पानं काढत राहिल्या.

डिझेलचा पंप बदलणं भागच होतं. कोबी भरून पुआच्या बाजाराला निघालं की घाटात पिकअपला धाप लागायची. मागच्या खेपेला तर ती ऐन वळणावर बंद पडून मागे घसरली, आणि दोन वर्षांचा मुलगा तोनक्ला पिंफाच्या मांडीवर होता. त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

गावातल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या इनथनकाकांनी अंगणातच काम काढलं. फिल्टरमधलं डिझेल त्यांनी तळहातावर ओतलं. उन्हात त्यात चांदीच्या वर्खासारखी पूड चमकली.

"बघ पोरी, पंप स्वतःलाच खातोय. ही पूड नोझलांत गेली की इंजिन संपलं."

जुन्या पंपाच्या बोल्टाला पाना लावून ते थांबले. "सांगितलंय ना तिला?"

आईने सांगितलं असेल असं समजून पिंफाच्या नवऱ्याने, सिंखामने, मान डोलावली. कुणीच विचारलं नव्हतं, हे पिंफाला ठाऊक होतं. तिने काकांना काम पुढे चालवू दिलं.

टाकी धुतली, नळ्या धुतल्या, खुणा जुळवून नवा पंप बसवला. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढली. चावी फिरवताच इंजिन लागलं.

"आता ही तुझ्या बायकोपेक्षा जोरात ओढेल," काका म्हणाले.

"हळू बोला काका," सिंखाम म्हणाला. "दोघींना ऐकू जातं."

आत तोनक्ला खोकला.

कोरडा, एवढासा खोकला. पिंफाने आधी तिकडे लक्ष दिलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं की सकाळी सिंखाम गाडी सुरू करतो तेव्हाच तो येतो. खेळता खेळता पोर थांबायचं, तोंड उघडं टाकायचं. गाडी वळणाआड गेली की पुन्हा खेळायला लागायचं.

धूर असेल. तिने खिडक्या लावल्या. मग त्याला घेऊन घरामागे, वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन बसली. इंजिन सुरू झालं आणि तो खोकला. तिने त्याचे ओठ पांढऱ्या फडक्याने पुसले, फडकं उन्हात धरलं.

फडक्यावर बारीक, चांदीसारखं काही चमकत होतं.

आपल्याच हाताचं असेल, म्हणून तिने हात साबणाने धुतले, दुसरं फडकं घेतलं. त्यावरही तेच.

"पोराला पुआच्या दवाखान्यात दाखवून आणू," ती सिंखामला म्हणाली.

"खोकल्यासाठी? आल्याचा रस दे."

"दाखवून आणू म्हणतेय ना."

घाट लागला. गाडी इतकी हलकी कधीच चढली नव्हती. सिंखाम खूश होऊन शीळ घालत होता. पिंफाचा हात तोनक्लाच्या छातीवर होता. जसा चढ वाढला तसा हाताखालचा श्वास तोकडा होत गेला.

"बंद कर."

"इथे? वळणावर? वेड लागलंय का तुला?"

"सिंखाम, गाडी बंद कर."

त्याने चावी फिरवली.

तोनक्लाने लांब श्वास घेतला. ओठांवर रंग आला.

सिंखामने पोराकडे पाहिलं. खात्री करायला त्याने चावी पुन्हा फिरवली.

पिंफाच्या हाताखालची छाती थांबली.

त्याने घाईने इंजिन बंद केलं.

चाकांखाली दगड लावून दोघं पोराला घेऊन पायी निघाले. पुढे कोंबड्यांच्या टोपल्या नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याने तिला पोरासकट मागे बसवलं. दवाखान्यात छातीचा फोटो स्वच्छ निघाला. केळं खात बसलेल्या तोनक्लाकडे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला झालंय तरी काय?"

गाडी विकायला काढली. चियांग क्लांगकडचा एक भोपळेवाला आला. एक फेरी मारून परतला तो हसतच. तोनक्लाला आधीच शेजारच्या पाड्यावर नेऊन ठेवलं होतं.

"काय ओढते हो! विकताय कशाला?"

सिंखाम गाडीचे कागद आणायला आत गेला.

"घरी लहान मूल आहे?" पिंफाने विचारलं.

"अजून नाही, ताई. बायकोचे दिवस भरत आलेत. म्हणून तर गाडी हवी, ऐनवेळी धावाधाव नको."

पिंफाने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या पाड्यावरून तोनक्लाचं हसू ऐकू आलं, मोकळं, खळखळून. तिने तोंड मिटलं आणि गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली.

भोपळ्यांचा हंगाम केव्हाच सरला. त्या माणसाचा फोन नुसता वाजत राहतो. पिंफा जाऊन बघून येईन म्हणते आणि जात नाही. पण चियांग क्लांगकडे निघालेला कुणीही भेटला की ती त्याला थांबवते, आणि तुम्ही निघाला असाल तर तुमच्याकडेही तिचं एवढंच मागणं आहे. घाटाच्या पायथ्याशी, त्या भोपळेवाल्याचं निळ्या पत्र्याचं घर. दारात पांढरी पिकअप असेल. आत बाळ असेल. त्याला जरा उन्हात आणायला सांगा, आणि त्याचे ओठ बघा.