नव्या डॅकची तक्रार

तिने खोकं काउंटरवर आदळलं तेव्हा तो आत एका अँप्लिफायरवर वाकून सोल्डरिंग करत होता.

"मालक कुठायत?"

"जेवायला गेलेत. मी दुरुस्तीवाला. काय झालं?"

"फसवणूक झाली!"

ती पोहायला शिकवायची. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला हुकूम सोडायची सवय. एवढ्याशा दुकानात तो आवाज घुमला आणि दोन गिऱ्हाइकं मुकाट्याने सटकली.

झालं होतं असं. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबांकडे आईच्या गाण्यांचं एक जुनं रेकॉर्डिंग होतं, कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेलं. ते लावलं की बाबा म्हणायचे, "ही अशी नव्हती गं गात. लांबून कुठून तरी येतोय आवाज." मालकांनी त्यांच्या गळ्यात हा महागडा डॅक मारला. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी! जुनी होतीच घरात, पण ही म्हणे भारी. वर म्हणाले, आवाज जिवंत होईल.

"जिवंत! हा शब्द माझ्या बाबांपुढे?" तिने खोक्यावर हात आपटला. "चार दिवस कान लावून बसलेत. काडीचा फरक नाही. आता म्हणतात, माझेच कान गेले असतील."

त्याने खोकं उघडून डॅक पाहिला. "मी घरी येऊन ऐकू?"

"या. आणि फरक दाखवा. नाहीतर…"

"नाहीतर?"

"पोहता येतं?"

"नाही."

"मग नाहीतरचा विचारच करू नका."

घरी तिने त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. जुना डॅक, नवा डॅक, वाट्टेल तसे अदलून बदलून दहा वेळा. त्याने ओळखायचं. पाच बरोबर आले, पाच चूक.

"डोळे मिटून काहीही ठोकलं असतं तरी एवढेच आले असते," तो म्हणाला. "मला नाही कळत फरक. तुमचा जुनाच चांगला आहे. हा मालकांना परत घ्यायला लावतो."

भांडायला सरसावलेली ती जागच्या जागी थांबली. समोरचा सरळ कबूलच झाला तर भांडायचं कोणाशी?

"पण बाबांचे कान शाबूत आहेत," तो स्पीकरच्या मागे वाकला. "आवाज पोकळ येतोय खरा. या तारा कोणी जोडल्या? एका बाजूची लाल-काळी उलटी झालीय. दोन स्पीकर एकमेकांचा आवाज खातायत."

तिने शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. घराला रंग दिला तेव्हा तारा तिनेच जोडल्या होत्या. आईमागे घर उजळ दिसावं हा हट्टही तिचाच.

त्याने तार सुलटी जोडून गाणं पुन्हा लावलं. या खेपेला आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध आला, इतका जवळ, की ओळ उचलण्याआधी आईने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

"हां… अशी," बाबा म्हणाले. "अशीच गायची."

ती तरातरा गॅलरीत गेली. मागोमाग तो.

"रडताय?"

"रागावलेय! वर्षभर मी त्यांना आईचा अर्धाच आवाज ऐकवला."

"तारा उलट्या लागतात हो. माझ्याकडूनही लागतात."

"समजूत घालू नका. जास्त राग येतो."

"बरं… मग नुसता उभा राहतो."

आणि तो खरंच उभा राहिला. कठड्यावर, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर हात ठेवून. तिने हात काढला नाही.

मालकांशी हुज्जत घालून त्याने डॅक परत घ्यायला लावला. मग मात्र फोन नाही, काही नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात शिरली.

"आता काय बिघडलं?" त्याने विचारलं.

"काहीच बिघडत नाही! स्पीकर ठणठणीत, बाबा ठणठणीत. तुम्हाला बोलवायला काही कारण शिल्लक ठेवलंत का?"

त्याच्या हातातलं काम तसंच राहिलं.

"मी रोज फोन हातात घेत होतो," तो हळूच म्हणाला. "वाटलं… ओरडाल."

"ओरडेनच!"

"चालेल. रोज चालेल."

वाटभर तिने केवढं काय काय बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"मग उठा. बाबांनी चहा टाकलाय."

"आणि कशाला आलो म्हणून सांगू त्यांना?"

"सांगा, मला भेटायला!"

स्वरातला राग अजून गेला नव्हता, पण तिने त्याची बाही धरली होती.