अगंध कापड

सोलापुरात नाक मुरडायची सवय मोडून तीन वर्षं झाली होती. भर मे महिन्यात लग्नाच्या मांडवात हजार माणसं दाटीवाटीनं बसली, तरी घामाचा म्हणून वास येत नसे. सगळ्यांच्या अंगावर 'अगंध' कापड होतं. ते शोधून काढणाऱ्या डॉ. कावेरी बंडगर याच गावच्या, आणि त्यांच्या दिवाणखान्यात सन्मानचिन्हांना जागा पुरत नव्हती.

आज त्याच दिवाणखान्यात पोलिसांची कुत्री हिरा उभी होती, कारण कावेरीचे वडील पहाटेपासून बेपत्ता होते. म्हाळाप्पा बंडगर, तिचे आण्णा, वय एक्क्याऐंशी, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला आले आणि तिलाच ओळखेनासे झाले. म्हातारपणाचा विसर, असं डॉक्टर म्हणाले होते. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. म्हातारा असाच भटकत राहिला तर संध्याकाळपर्यंत काय होईल, हे कावेरीला कुणी सांगायला नको होतं.

"त्यांचं अंगावरचं कापड द्या," हवालदार मुळीक म्हणाले.

तिनं सदरा दिला, पटका दिला, उशीचा अभ्राही दिला. हिरानं सगळं हुंगलं आणि ती खाली बसली.

"हिला कायच लागंना, मॅडम."

"लागणार नाही," कावेरी म्हणाली. "घामाला स्वतःचा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू घाम खातात, त्यातून वास तयार होतो. ज्याची-त्याची जिवाणूंची वस्ती वेगळी, म्हणून ज्याचा-त्याचा वास वेगळा. या धाग्यावर चांदीचे कण बसवलेत. एका केसाच्या रुंदीत चार हजार मावतील एवढे बारीक. ते जिवाणू मारतात, हळूहळू कातडीवरही उतरतात."

"म्हंजे माणसाचाच वास जातो?"

"हो."

"मग घोंगडं द्या की! धनगराच्या घोंगड्याला वास नाही, असं कुठं असतंय?"

अकरावीत शेजारच्या मुलीनं नाकाला रुमाल लावून बाक बदलला होता, कारण कावेरीच्या अंगाला मेंढरांचा वास यायचा. पुढची पंचवीस वर्षं ती त्या एका रुमालाला उत्तर देत राहिली. आण्णा राहायला आले त्याच आठवड्यात घरी परदेशी पाहुणे येणार होते. तिनं आण्णांना न विचारता त्यांचं घोंगडं कारखान्यात चांदीकणांच्या हौदात बुडवून आणलं होतं.

"तेही धुतलं," ती म्हणाली. "मीच."

मुळीकांनी हिराच्या पाठीवरून हात फिरवला. कावेरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी आण्णांचा फोटो सगळीकडे पाठवला आणि दुपारी एका धनगराचा फोन आला. कुंभारी गावाच्या पुढे एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, तिथे एक म्हातारा आला होता.

कावेरी तिथे पोचली तेव्हा आण्णा लिंबाखाली सुखात बसले होते. अगंध सदरा त्यांनी काढून फेकला होता, अंगावर त्या धनगराचं घोंगडं होतं, मांडीवर कोकरू. कुठल्या मेंढीच्या पायाला खुरी झालीय, कुठली चार दिवसांत व्यायणार, हे ते धनगराला सांगत होते, आणि एक शब्द चुकत नव्हता. विसरलेल्या माणसाचं हे बोलणं नव्हतं.

"आण्णा, घरी चला."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पुढे झुकून तिच्या खांद्याजवळ नाक नेलं, अंधारात कोकरू ओळखताना नेत तसंच.

"कुणाची गं तू, पोरी?"

"मी कावेरी."

"न्हवं. माज्या लेकीला म्या वासावरनं वळखतो. आई गेल्यापासनं माज्याच घोंगड्यात निजायची ती." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या घरात एक बाई हाय. चांगली हाय बिचारी, येळंला भाकर देती. पर ती कावेरी न्हवं. तीन सालं झाली. म्हनून आज पोरीला हुडकाय निगालो."

"कोकरू धुतलं की मेंढी लाथ मारती, बाई," धनगर तिला समजावत म्हणाला. "पोटचं असलं तरी जवळ घेत न्हाई."

हे कावेरीला लहानपणापासून ठाऊक होतं. आण्णांनीच शिकवलं होतं, आणि पंचवीस वर्षांत तिला ते एकदाही आठवलं नव्हतं. लाजेनं तिचं अंग जळू लागलं. कापड आजच फेकून दिलं असतं, पण उपयोग काय? अंगावरची जिवाणूंची वस्ती आईकडून मिळते, घरच्यांच्या संगतीत वाढते. एकदा मेली की नवी बसते, पण ती मिळेल तिथून. शेजारणीकडून विरजण आणलं तर दही लागतं, चव मात्र शेजारणीच्या घरची येते. तिच्या अंगाला पुन्हा वास येईल. तो कावेरीचा असेल, हे तिलाही सांगता येत नव्हतं. आणि हे कापड आता दोन कोटी लोकांच्या अंगावर होतं. तान्ह्या बाळांची दुपटीसुद्धा त्याचीच.

"तू शिकलेली दिसतीस," आण्णा म्हणाले. "कुटं गावली तर सांग तिला. म्हनावं, बाप रागावल्याला न्हाई. नुसती ये."

"सांगते," कावेरी म्हणाली.