सात मिनिटांचं इंजिन

"सहा मिनिटं चाळीस... सहा पन्नास..." नाझार मनगटावरच्या घड्याळाकडे टक लावून मोजत होता.

"गप रे! दृष्ट लावशील!" उस्तिन्या त्याच्यावर खेकसली.

"दृष्ट कसली? मी शास्त्रीय निरीक्षण करतोय. सहा पंचावन्न... सात!"

टीं टीं टीं टीं! होडीच्या मागच्या फळीवर टांगलेलं नवंकोरं काळं इंजिन किंचाळलं, दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

तळ्याच्या अगदी मधोमध! चहूकडे धुकं, धुक्यामागे बोरूचं रान आणि त्यामागे पुन्हा धुकंच. ऑक्टोबरची सुट्टी सुरू झाल्यापासून आठवडाभर कुणी सूर्य पाहिला नव्हता. आमच्या नदीच्या मुखाशी शरद ऋतू असाच येतो, एखाद्या रुसलेल्या पाहुण्यासारखा. येतो आणि बोलत नाही.

"तिसऱ्यांदा!" सावेलीकाका होडीच्या पुढच्या टोकावरून गरजला. "चार दिवसांत तिसऱ्यांदा! बाबा, आता तरी सांगा, काय केलंत तुम्ही ह्याला?"

तेरेंती आजोबा इंजिनाचा दांडा धरून बसले होते. त्यांची पांढरी दाढी धुक्याने ओली झाली होती. त्यांनी वाकून वल्ही काढली, एक स्वतः घेतलं, एक उस्तिन्याला दिलं.

आठ वर्षांची मार्फा बहिणीच्या कानाशी कुजबुजली, "आजोबा भांडत का नाहीत गं? नेहमी तर भांडतात!"

तेच तर उस्तिन्यालाही कळत नव्हतं. बारा वर्षांच्या आयुष्यात तिने आजोबांना गप्प बसलेलं असं कधी पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. आजोबांचं जुनं इंजिन बावीस वर्षं धूर ओकून सप्टेंबरात कायमचं बसलं. होडी त्याहून जुनी, पण लाकूड ठणठणीत. उस्तिन्याचे बाबा स्पेनमध्ये इमारतींच्या कामावर, तेव्हा तिच्या बाबांचा थोरला भाऊ सावेलीकाका शहरातून नवं इंजिन घेऊन आला. सोबत सुट्टीसाठी त्याचा मुलगा नाझार आणि एक मेकॅनिक. शनिवारी दुपारी होडी किनाऱ्यावरच असताना मेकॅनिकने इंजिन बसवलं, खाली पाण्याचं पिंप ठेवून अर्धा तास चालवून दाखवलं आणि संध्याकाळच्या बोटीने तो परत गेला. सोमवारी होडी पाण्यात लोटली. तेव्हापासून हे असं! सात मिनिटं चालायचं आणि बंद. तासभर थंड झालं की पुन्हा सुरू, पुन्हा सात मिनिटं.

वल्हवत घरी पोचेपर्यंत सगळ्यांचे हात गारठले. सावेलीकाकाने धक्क्यावरूनच मेकॅनिकला फोन लावला. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की मुलांनाही सगळं ऐकू आलं.

"मी अर्धा तास चालवून दिलंय! तुमच्यादेखत! नंतर कुणीतरी हात घातलाय त्यात!"

"कुणी घातला ते मला ठाऊक आहे," काका फोन खिशात कोंबत म्हणाला.

अख्ख्या आळीलाच ठाऊक होतं म्हणा! शनिवारी पिंपाजवळ उभं राहून आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे काळं भूत बसवलंत खरं माझ्या होडीवर. पण लिहून घ्या, चालायचं नाही ते!"

"बाबा, मी ठरवलंय," काका म्हणाला. त्याचा आवाज आता चढा नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. "रविवारच्या बोटीने इंजिन माझ्याबरोबर परत जाईल. आणि तुम्हीही चला. ह्या वयात तळ्यावर एकटे जाता, काही झालं तर? होडी गावातल्या पाहुणेघराचा मालक मागतोय."

"तो होडीचं काय करणार?" उस्तिन्याने विचारलं.

"दारात ठेवून माती भरणार. फुलं लावणार. छान दिसतं म्हणे."

"कुंडी? आजोबांच्या होडीची कुंडी?" मार्फाने भोकाड पसरलं.

आजोबा अजूनही गप्पच! ते सावकाश घरात गेले आणि माळ्यावरची जुनी चामडी पिशवी खाली काढून झटकू लागले. भांडण नाही, शिवी नाही.

त्या दुपारी तिघं धक्क्यावर पाय सोडून बसली होती. खायला खारवलेल्या कलिंगडाच्या फोडी होत्या, पण कुणाचं खाण्यात लक्ष नव्हतं.

"तुझे पप्पा वाईट्ट आहेत," मार्फाने जाहीर केलं.

"वाईट नाहीत गं, घाईघाईचे आहेत," नाझार म्हणाला. "आमच्याकडे चौथा मजला आहे. खिडकीतून समोरची खिडकी दिसते, बस्स. आजोबा तिथे काय करणार? मलासुद्धा कंटाळा येतो!"

"मग डोकं चालव! एवढी निरीक्षणं करतोस ना!"

"केलीत की. थंड झालं की चालतं, तापलं की बंद पडतं. म्हणजे ते तापतंय. का तापतंय ते मात्र..."

तेवढ्यात शेजारच्यांची होडी फटफटत समोरून गेली. मार्फा तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यांचं इंजिन शू करतं. आपलं करत नाही."

नाझार हसून हसून आडवा झाला. "शू! अगं ए शहाणे!"

"हसतोस काय? बघ ना! मागून बारीक धार पडते. आजोबांचं जुनं पण करायचं. हे नवं एकदाही केलं नाही. मी रोज बघते!"

उस्तिन्या हसता हसता थांबली. तिने जाणाऱ्या होडीकडे नीट पाहिलं. खरंच! इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक, सरळ धार पडत होती.

"नाझार, ते पाणी येतं कुठून?"

नाझार ताडकन उठून बसला. "तळ्यातलं! इंजिन तळ्यातलं पाणी आत ओढतं, त्याने थंड होतं आणि वापरलेलं बाहेर टाकतं! पुस्तिकेत चित्र आहे, थांब!"

तो धावत जाऊन इंजिनाची पुस्तिका घेऊन आला. चित्रात इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या लांब पायाला, पंख्याच्या जरा वर, दोन्ही बाजूंना बारीक फटींची जाळी दाखवली होती. तिघांनी होडीत उतरून जोर लावून इंजिन वर उचललं. काळा पाय पाण्याबाहेर आला.

"जाळी कुठाय?" उस्तिन्याने बोट फिरवलं. "इथे तर सगळं गुळगुळीत आहे!"

नाझारने खिशातला खिळा काढून खरवडलं. काळ्या रंगाची खपली निघाली. खालून काळीच, पण फटीफटींची जाळी डोकावली. खपली उस्तिन्याने नाकाशी नेली. हा वास ती पाळण्यात असल्यापासून ओळखत होती.

"डांबर!"

"काळ्यावर काळं! म्हणून कुणाला दिसलंच नाही!" नाझार नाचायलाच लागला. "सापडलं! आपण शोधलं! चला, सांगू या!"

"थांब!"

उस्तिन्याचा चेहरा पांढरा पडला होता. "डांबर कुणी लावलं, नाझार?"

आमच्या गावात लेकराला चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवतात. पाण्यात जाईल त्याला डांबर लावायचं. होडी, वल्ह्यांची पाती, जाळ्याचे खुंट, काहीही! आणि ते शिकवणाऱ्यांत आजोबा सगळ्यांत पुढे. शनिवारी संध्याकाळी मेकॅनिक गेल्यावर डांबराची कढई त्यांनीच तर चुलीवर चढवली होती.

ती एकटीच परसात गेली. आजोबा कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"आजोबा, खरं सांगा. शनिवारी तुम्ही इंजिनाला डांबर लावलंत?"

आजोबांचा हात हवेतच थांबला. मग ते उलट्या घमेल्यावर टेकले.

"कुणास ठाऊक, पोरी," ते हळूच म्हणाले. "होडीच्या कडांना लावल्याचं आठवतं. मागच्या बाजूला कोण होतं, मी होतो की नव्हतो... आठवत नाही गं. हल्ली असंच होतं. परवा कोंबड्यांना दोनदा दाणे घातले. तुझ्या आईने सांगितलं तेव्हा कळलं. सावेली ओरडतो तेव्हा वाटतं, मीच काहीतरी केलं असेल. मग काय तोंडाने भांडू?"

उस्तिन्याला रडू फुटलं. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला नेहमीचा डांबराचा वास होता आणि त्या वासाने तिला आणखीच रडू आलं.

धक्क्यावर परतल्यावर ती म्हणाली, "गुपचूप खरवडून टाकू. कुणाला काही सांगायचं नाही."

"त्याने काय होईल? इंजिन चालेल, पण आजोबांना वाटतच राहील की त्यांनीच बिघडवलं. ते आपण होऊन पिशवी भरतायत, उस्तिन्या!" नाझार म्हणाला. मग तो बराच वेळ खिळ्याने फळी टोकरत राहिला.

"काय झालं रे?"

"पप्पांच्या चांगल्या कोटाची बाही," तो खाली बघत म्हणाला. "उजवी. डांबराने भरलीय. रविवारी सकाळी रॉकेलने पुसत होते. मला म्हणाले, मम्मीला सांगू नकोस."

उस्तिन्याने डांबराची खपली मार्फाच्या खिशात जपून ठेवली.

"विचारलं तर कबूल करतील?" उस्तिन्याने विचारलं.

"छे! रागावलेला माणूस कबूल करतो होय? पण..." नाझारने खिळा खिशात टाकला. "कौतुक केलं तर करतील. माझे पप्पा आहेत, मला माहीत आहे. मीच विचारतो."

दोन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, गावच्या रीतीप्रमाणे सगळे वाफेच्या न्हाणीघरातून लालबुंद होऊन आले आणि टेबलाभोवती बसले. उस्तिन्याच्या आईने माशाचं सार वाढलं, सोबत लसणाचं तिखट. दाराशी आजोबांची भरलेली पिशवी उभी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

नाझारने चमचा खाली ठेवला. त्याचे कान गाजरासारखे लाल झाले होते.

"पप्पा, आज धक्क्यावर लोक आपली होडी बघत होते. म्हणत होते, मागच्या फळीला डांबर काय सुरेख बसलंय! एक थेंब ओघळलेला नाही. मी म्हटलं, आजोबांचा हात आहे तो."

"आजोबांचा?" काकाची छाती फुगली. "आजोबा कडा रंगवून हातपाय धुवायला गेले होते! मागची सगळी बाजू मी केली, एकट्याने! शहरात राहतो म्हणून काय विसरलो वाटलं?"

"पण खाली, पाण्यात बुडतं तिथे राहिलं असेल ना थोडं?" उस्तिन्याने साळसूदपणे विचारलं.

"राहील कसं? पाण्यात जाणारं बोटभरसुद्धा कोरडं सोडायचं नाही, हे ह्या बाबांनीच कान पिळून शिकवलंय मला! फळी, तिची खालची कड, इंजिनाचा पाय, सगळ्याला दोन-दोन हात मारले! आहात कुठे!"

चुलीत बोरूचं जळण तडतडलं तेवढंच.

मार्फाने फ्रॉकच्या खिशातून डांबराची खपली काढली आणि काकाच्या ताटलीच्या कडेला ठेवली. जाळीच्या फटींचे ठसे तिच्यावर स्पष्ट उमटलेले होते.

"इंजिन इथून पाणी पितं," ती म्हणाली. "तुम्ही त्याचं तोंड बुजवलंत, काका. म्हणून ते शू करत नव्हतं."

काकाने खपली उचलली. उलटी केली, सुलटी केली. त्याच्या चेहऱ्यावरचा न्हाणीघराचा लाल रंग हळूहळू उतरत गेला.

"अरे देवा," तो पुटपुटला. "मी... बाबा, मी तुम्हाला आठवडाभर..."

आजोबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडेच बघत होते.

"म्हणजे मी नव्हतो," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "मी नव्हतो तर!"

आणि एवढा मोठा, दाढीवाला म्हातारा माणूस टेबलावर डोकं टेकून रडला. उस्तिन्याच्या आईने चहाचं पाणी उकळणाऱ्या सामोवारची तोटी उघडीच ठेवली, पाणी खाली सांडत राहिलं.

रविवारी सकाळीही धुकं होतंच. सगळे होडीत बसले. दोन्ही जाळ्या खरवडून लख्ख केल्या होत्या. आजोबांनी दोरी ओढली.

"सात मिनिटं!" नाझार ओरडला. कुणी श्वास घेईना. "आठ! दहा! पंधरा!"

"शू करतंय! शू करतंय!" मार्फा उड्या मारायला लागली आणि होडी बुडता बुडता वाचली. आजोबांनी त्या बारीक धारेखाली हात धरला. पाणी कोमट होतं.

"काळं भूत बरं आहे की," ते म्हणाले.

दुपारी बोटीने भोंगा दिला. धक्क्यावर काकाने आजोबांसमोर टोपी काढली. "बाबा, माफ करा. न बघता बोललो."

"न बघता डांबरही लावलंस," आजोबा म्हणाले. "पण त्यात माझीही चूक आहे. पाण्यात जाईल ते काळं कर, एवढंच शिकवलं. आधी नीट बघ, हे शिकवायचं राहिलं. ते ह्या तिघांना न शिकवता येतं!" मग त्यांनी नाझारचा खांदा धरला. "आणि तू रे! स्वतःच्या बापाविरुद्ध खरं बोलायला छाती लागते. उन्हाळ्यात ये. दांडा तुझ्या हातात देईन."

बोट धुक्यात दिसेनाशी झाली. घरी येऊन आजोबांनी दाराशी उभी असलेली पिशवी उघडली. दोन सदरे, लोकरीचे मोजे आणि तळाशी कापडात नीट गुंडाळलेला डांबराचा कुंचला.

"आजोबा! चौथ्या मजल्यावर डांबर कशाला लावणार होतात?" उस्तिन्याने विचारलं.

"काय माहीत. हात रिकामे जायला तयार नव्हते." त्यांनी कुंचला खुंटीला टांगला. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, कोंबड्यांना दोनदा दाणे घातले ते मात्र खरंच ना?"

उस्तिन्याला खोटं बोलावंसं वाटलं. पण आजोबांशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"खरं आहे, आजोबा."

"हं," आजोबा म्हणाले.

"उद्यापासून आपण दोघं मिळून घालू. मी मोजत जाईन."

"मोज बाई," ते म्हणाले आणि जुने मोजे पिशवीतून काढून पायात घालू लागले.