कापसातलं रडणं

ऐका किंवा सोडून द्या, पण हे खरं आहे. माझ्या भावजयीवर हे गुदरलं तेव्हा मी तिच्या बाजेवर बसले होते.

बार्शीटाकळी. सन १८६३. मार्गशीर्षातली दुपार.

दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. सगळं गाव वेचणीला. भाऊ सहदेव गाड्या घेऊन अमरावतीला. घरात कापूस आढ्यापर्यंत रचलेला.

त्या ढिगाशेजारीच भावजयीची, सत्यवतीची बाज.

पहिलटकरीण. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. माझी आई "पोरगीच झाली वं..." एवढंच बोलली आणि शेतावर गेली.

सत्यवती दिवसभर एकटी. झोप नाही. दूध पुरेना. लेकीला जवळ घेईना.

मी भाकरी न्यायला घरी आले, तर ती भिंतीकडे बघत बसलेली.

"आक्का, पायन्यातली पोरगी माही नाही."

"काहून असं बोलतं वं?"

"माही तिकडं रडून राहिली... कापसात."

मी पाळण्यात पाहिलं. पोर गाढ झोपलेली. मूठ गालाशी.

"हे काय, झोपली तर आहे."

तिचे डोळे भरले. "कोनी आयकतच नाही. तुमची माय म्हनते, सोंग करते. मले तिची माया येत नाही आक्का... मी वाईट आहो काय?"

मी बाजेवर बसले. तिचा हात धरला.

घर शांत.

आणि मग... ढिगातून... दबलेलं, बारीक रडणं.

मी तिचा हात सोडून ढिगात हात खुपसले. आत कापूस ऊबदार होता. कोपरापर्यंत... खांद्यापर्यंत...

बोटांना लहानसं पाऊल लागलं.

ओढलं. जिवंत पोर! ओठ निळे. पापण्यांना कापूस चिकटलेला.

सत्यवतीनं ती माझ्याकडून हिसकावली, छातीशी धरली. "सापडली वं माय!"

तिला पान्हा फुटला.

मी वळून पाहिलं.

पाळणा रिकामा... हलत होता.

सत्यवती बाजेवरून उठलीच नव्हती.

त्या दिवसापासून मी शेतावर गेले नाही. तिच्याजवळ बसून राहिले. मी जागी, म्हणून ती झोपू लागली. हळूहळू माणसात आली.

ती मुलगी आता मोठी झाली. आत्या, आत्या करत गळ्यात पडते. माझा तिच्यावर जीव आहे.

पण घर शांत झालं, की मनात येतं...

कापसातली आम्ही शोधली.

पाळण्यात झोपली होती, तिला कोणी शोधलंच नाही.