मोरचुदातलं पाणी

दिलसुखनगरच्या त्या क्लासमध्ये रसायनशास्त्राच्या शिक्षकाची जागा एकच होती आणि डेमो लेक्चरला उमेदवार आले होते दोन. जागा हुकली तर प्रणिताला पुण्याला परतावं लागणार होतं. बाबांना तसा शब्दच दिला होता तिने. म्हणून मागच्या बाकावर बसून ती त्या दुसऱ्या उमेदवाराकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती.

पण या कुलदीपवर राग धरायचा कसा? त्याने काचेच्या डबीतून बोराएवढा निळाशार खडा काढला. "हे अडीच ग्रॅम मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. घरी मीच वाढवलंय. यात अणू किती?" त्याने दखनी हिंदीत विचारलं. आधी मोल काढा, मग अव्होगाड्रो संख्येने गुणा, मग एका रेणूतले अणू... हिशेब तो असा रंगवत गेला की पेंगणारी पोरंसुद्धा पुढे सरकली. किती गोड शिकवतो हा! प्रणिता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. मध्येच त्याची नजर तिच्याकडे वळली, थोडी रेंगाळली... आणि त्याने लिहिलं, 'एका रेणूत अणू सहा.'

सहा? निळ्या मोरचुदात प्रत्येक रेणूला पाण्याचे पाच रेणू चिकटलेले असतात. एकवीस हवेत! क्लासच्या प्रमुख शोभा मॅडम फोनमध्ये गुंतल्या होत्या. आता नुसतं गप्प राहायचं. आपल्या तासाला ही चूक दाखवली की जागा खिशात.

पण एवढ्या देखण्या तासाचं उत्तर चुकलेलं तिला बघवेना. तिने हात वर केला.

"सर, हा खडा तापवला तर पांढरा का पडतो?"

त्याने खड्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अरे, पाणीच विसरलो की मी!" तो चक्क मराठीत म्हणाला. मग सगळ्या वर्गाला सांगितलं, "चूक माझी. पकडली या मॅडमनी." फळा पुसून त्याने गणित नव्याने मांडलं. उत्तर दुपटीहून मोठं आलं. प्रणिताला वाटलं, चुकावं तर असं!

दोघांचे तास संपल्यावर खालच्या इराणी हॉटेलात चहा घेताना तिचा फोन वाजला. जागा तिला मिळाली होती.

"मुबारक हो, मॅडम!" तो मनापासून म्हणाला. "माझं काय, बरकतपुऱ्यात ट्यूशन्स हायेत. पण मला सावरलं कशाला? गप्प बसायचं होतं ना."

"नाही बसवलं..." ती हसली. "पण स्वतः पाण्यात वाढवलंत आणि पाणीच विसरलात?"

"मागच्या बाकावरून कुणी असं टक लावून बघितलं तर काय याद राहणार?" त्याचे कान लाल झाले. त्याने ती डबी तिच्यापुढे सरकवली. "उद्या तुमचा पहिला तास. हे ठेवा."

"परत करायला कुठे येऊ?"

"नक्को, परत नक्को. मी दुसरा वाढवतो. फक्त..." तो अडखळला. "त्याला हप्ते लागतात, दोन-तीन आठवडे तरी. वाढताना बघायला... याल?"

प्रणिताने डबी मुठीत घट्ट धरली.

"रोज येईन," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा? पुन्हा पाणी विसराल!"