स्मृतिकलम

तपासणी कक्षातल्या पडद्यावर डॉ. वैजयंती सामंतांनी दोन आलेख शेजारी शेजारी लावले, तेव्हा रेवा मराठे अगदी निर्धास्त होती. बाबांच्या आठवणी द्यायच्या तर तिच्याहून योग्य माणूस कोण? गेली कित्येक वर्षं ती रविवारच्या पुरवणीत घरातल्या साध्यासुध्या गोष्टींवर ललित लेख लिहीत होती. बाबांची छत्री, बाबांचं भाजी निवडणं, बाबांचा दुपारचा डुलका. वाचकांना तिचे बाबा आपल्याच शेजारी राहतात असं वाटे. धाकटा भाऊ निषाद मात्र शिक्षण संपल्यावर जहाजावर गेला तो घरी पाहुण्यासारखाच येत असे. त्याला काय आठवणार, असं तिचं मत होतं, आणि येताना गाडीत तिने ते बोलूनही दाखवलं होतं.

बाबा, म्हणजे शिरीष मराठे, मेंदूज्वरातून वाचले होते, पण मागची बहुतेक वर्षं पुसली गेली होती. स्वतःच्या बायकोला ते "आपण कोण?" असं आदबीने विचारत. त्यावर एकच उपाय होता, स्मृतिकलम. आंब्याची कलमं बांधणाऱ्या रत्नागिरीच्या माणसांना तो समजावून सांगावा लागत नसे. जवळच्या माणसाची आठवण ही काडी, रुग्णाच्या मेंदूत उरलेला आठवणीचा बुंधा हा खुंट. दोन्ही जुळले तर आठवण पुन्हा फुटते, आणि तिच्या आधाराने आजूबाजूच्याही फुटतात. साठीपुढच्या माणसाची काडी घेत नसत, म्हणून बायकोचा प्रश्न नव्हता. उरली दोन मुलं. जुळणीसाठी दोघांकडून एकच आठवण घेतली होती, घरातल्या सकाळच्या चहाची.

"रेवाताई, तुमची काडी मूळची नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू ती उसवतो आणि पुन्हा विणतो. लिहिताना तर आपण मुद्दाम विणतो. शोभत नाही ते गाळतो, शोभेल ते घालतो. पुढच्या वेळी तेच आठवतं. याला आम्ही पुनर्लेखन म्हणतो. तुमच्या आठवणीत बाबा चहासाठी आलं किसताहेत, पण वासाचा भाग गप्प आहे. जागा आहे तो भाषेचा."

"पण बाबाच करायचे चहा," रेवा म्हणाली. "रोज. आईला खिडकीशी नेऊन द्यायचे."

"कधी गं?" निषादने विचारलं. "हाताने पाणीसुद्धा घेत नव्हते. चहाला उशीर झाला की पेपरामागून खाकरायचे. मग आई पळायची."

रेवाला त्याचा संताप आला. लेख बाजूला सारून तिने त्यामागची सकाळ शोधून पाहिली. तिथे तोच लेख होता, स्वल्पविरामांसकट. मग मात्र ती घाबरली.

"मग माझ्या आठवणी घ्या," निषाद म्हणाला.

"तुमच्या मूळच्याच आहेत. जहाजावर कुणाला घरचं फारसं सांगितलेलं दिसत नाही."

"कोण ऐकणार?"

"पण त्या खुंटाशी जुळत नाहीत. तुमच्या ताईंच्या जुळतात." डॉक्टर रेवाकडे वळल्या. "बाबा तुमचे लेख वाचायचे?"

"पुन्हा पुन्हा. घरी येईल त्याला मोठ्याने वाचून दाखवायचे."

"मग बरोबर आहे. वाचणाऱ्याचंही पुनर्लेखन होतंच, त्यातून लेख त्याच्यावरच असला तर विचारायलाच नको. त्यांचा मूळ खुंट आता उरलेला नाही."

"म्हणजे बरे होऊन उठतील ते ताईच्या लेखातले बाबा," निषाद म्हणाला.

"आजारी पडले तेही तेच होते."

रेवा उठून उभी राहिली. "मी नाही देणार. मला माझे बाबा हवेत, माझा लेख नको."

खुंट वाळत चालला होता, त्यामुळे फार थांबता येणार नव्हतं. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं. रेवा मान हलवत राहिली. आपण वीस वर्षं बापाला थोडं थोडं खोडत आलो, या विचाराने तिला रडू येत होतं.

रेवाची आई मंजिरीबाई इतका वेळ मांडीवर पर्स धरून ऐकत होत्या. "तो चहाचा लेख कधी आला होता गं?"

"मला पुण्याला नोकरी लागली त्या वर्षी."

"हं. तरीच." त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "मी हिचं वाचत नाही. घरात घडलेलं पाहिलेलं असतं, परत काय वाचायचं? पण एका सोमवारी हे स्वयंपाकघरात आले. 'तू बस, चहा रोज मीच करतो ना,' म्हणाले. आणि लगेच विचारलं, साखर कुठल्या डब्यात असते."

निषाद हसला आणि मध्येच थांबला.

"मी डबा दाखवला आणि बसले. चहा कसला, काढाच होता. पण त्या दिवसापासून आजारी पडेपर्यंत त्यांनीच केला. हा समुद्रावर, ही पुण्याला. तुम्हाला कसं कळणार?"

"तू काहीच बोलली नाहीस त्यांना?" रेवाने विचारलं.

"काय बोलू? लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चहा हातात मिळायला लागला होता." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "हिच्याच आठवणी घाला. मला तेच हवेत."

रेवाने डोळे पुसले आणि हळूच मान डोलावली. आईने सही केली. रेवाचा हात सवयीने मोबाइलकडे गेला. पहिलं वाक्य मनात आलंच होतं. आईने तो हात धरला.

"हे मात्र लिहू नकोस."

"का गं?"

"ते वाचतील."