थम म्हणेपर्यंत

शटर अर्धं ओढून घ्या आणि बसा. ही गोष्ट उडतउडत आलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो इंद्रजीत माझं जुनं गिऱ्हाईक, आणि तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसून त्याने ती मला सांगितली. पनवेलच्या बाजारात शाळेचे बूट विकण्यात माझा जन्म गेला. माणसाच्या तोंडाआधी मी त्याची टाच बघतो. चालत्या माणसाची टाच आधी झिजते, मग तो मंत्री असो नाहीतर हमाल.

तर इंद्रजीत न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात कामाला. दिवसभर खुर्चीत. २०२४ सालची चौदा ऑगस्टची रात्र, बुधवार. जेवणं उरकली तरी त्याचा मुलगा प्रांजल शाळेच्या बँडच्या तालमीवरून आला नव्हता, फोनही लागत नव्हता. बायको मिताली म्हणाली, जाऊन घेऊन या त्याला, आणि येताना दुधाची पिशवी आणा. याने चपला सरकवल्या आणि निघाला. शाळा दोन गल्ल्या सोडून. इंद्रजीतही त्याच शाळेचा, त्याच बँडमधला.

चालता चालता त्याने वेग वाढवला. झेंडावंदनाच्या आदल्या रात्री तिथे काय चालतं, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

बँडमध्ये नवीन आलेला पोरगा म्हणजे कच्चा. त्या रात्री त्याला पक्का करायचा. वाद्यांच्या अंधाऱ्या खोलीत उभं करायचं, गळ्यात मोठा ढोल अडकवायचा आणि बाहेरून कडी. आत त्याने कदमताल करायचा, म्हणजे जागच्या जागी, टाच न टेकता, पंजांवर पाय आपटायचे. डावा, उजवा. ज्याने ढोल अडकवला तो 'थम' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. दुसऱ्या कोणाचा थम चालत नाही. थम मिळाला की पोरगा सुटला, आणि तो ढोल त्याने स्वतःच्या हाताने पुढच्याच्या गळ्यात घालायचा. खेळच होता म्हणा.

इंद्रजीत दहावीत बँड मेजर होता, तेव्हा रिवाजाप्रमाणे पहिला ढोल त्यानेच घातला, गव्हाणच्या दीपेशच्या गळ्यात. मिठागरवाल्या तुळशीरामचा पोरगा, अंगाने काडी. कडी लावली आणि तेवढ्यात फाटकावर मामाची स्कूटर आली. हा मागे बसून घरी गेला. विसरला. बाकीच्यांना वाटलं, मेजर बघेल. सकाळी शिपायाने दार उघडलं तर दीपेशचे पाय चालूच. सगळे थांब म्हणाले, बाळा बस कर म्हणाले. थम कोणी म्हणालं नाही. घरी नेला, तापाने फणफणला, तिसऱ्या दिवशी गेला. शेवटपर्यंत अंथरुणात पाय हलत होते म्हणे. इंद्रजीतला कोणी काही विचारलं नाही, आणि त्याने सांगितलंही नाही.

एवढं सगळं डोक्यात घेऊन तो फाटकातून आत शिरला. वॉचमन मोबाइलमध्ये डोकं घालून होता. पोरं गेली वाटतं, म्हणाला, बघा जाऊन.

व्हरांड्याच्या टोकाला ती खोली. बाहेरून कडी. आतून आवाज.

धप... धप... धप... धप...

पोराला कोंडलंय. त्याने कडी काढली आणि दार लोटलं. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. कोपऱ्यात पाय आपटत होते.

"प्रांजल, बस झालं. चल घरी."

पाय थांबले नाहीत. तो चार पावलं आत गेला. मागे दार लागलं. मग बाहेरून कडी बसली, सावकाश. त्याने दार बडवलं, वॉचमनला हाका मारल्या. कोणी आलं नाही. खिडकीला गज.

फोन वाजला.

"पप्पा, कुठे आहात? मी कधीचा घरी आलोय. आई विचारतेय, दूध मिळालं का?"

फोन कट झाला. पुन्हा लागेना.

मग इथे कोण...

धप... धप...

त्याने फोनचा उजेड खाली टाकला. फरशीवर दोन पांढरे कॅनव्हासचे बूट. लहान. वर जात होते, खाली येत होते. उजेड त्याहून वर न्यायची त्याची छाती झाली नाही.

"दादा..." फार दमलेला आवाज. "आमी थांबलो नाय."

इंद्रजीतला रडू फुटलं. पंचवीस वर्षं जो शब्द घशात अडकला होता तो त्याने बाहेर काढला. मेजरच्या आवाजात.

"बँड... थम!"

डावा. उजवा. पाय थांबले.

शांत.

इतकं शांत की त्याला बरं वाटलं. केलं, म्हणाला मनात, शेवटी केलं.

आणि मग आठवलं. थम मिळाल्यावर काय करायचं असतं ते.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

गार पट्टा मानेवर आला. ढोलाचं वजन छातीवर बसलं.

"आता तुमी."

बस, एवढंच. मग काही नाही. ना श्वास, ना चाहूल. दीपेश सुटला होता. गेला होता. आता थम म्हणणार कोण?

इंद्रजीतचा डावा पाय उचलला गेला...

फोन लागेना म्हणून प्रांजल रात्री शाळेपर्यंत येऊन गेला. वॉचमनने कडी लावलेली दाखवली. आत आवाज नव्हता, असं प्रांजल म्हणाला. सकाळी झेंडावंदनासाठी ढोल न्यायला पोरांनी दार उघडलं. इंद्रजीत उभा, गळ्यात ढोल, पाय चालू. प्रांजल कमरेला मिठी मारून थम म्हणाला, सगळी पोरं म्हणाली. शेवटी चौघांनी उचलून नेला.

आता बरा आहे. ऑफिसात जातो, खुर्चीत बसतो, हसतो-बोलतो. हे सांगताना दोन्ही हातांनी गुडघे दाबून बसला होता, एवढंच.

फक्त दर महिन्याला नवीन बूट लागतात त्याला. परवाच येऊन गेला. जुना जोड इथेच टाकून गेला, हा बघा, उलटा करा. पंजाखाली तळ झिजून आरपार भोक.

आणि टाच बघा... कोरी.